समोरून बघितलेला पाय

११ जानेवारी

चिकट्या,

उभ्याउभ्याच आशीर्वाद घे. बसून द्यायला सवड मिळाली की जरा बरे देईन. औषधांच्या ट्रॉलीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर हललं तर ट्रॉलीच्या चाकाला दोष दे.

फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मी एकटीच बोलून दमते. मी नर्सिंगच्या होस्टेलला गेले तेव्हापासून आपलं पत्रांवर चाललंय, तसंच चालू दे.

कामाचं सांगते. माझी बदकं गेली. म्हणजे अजून पायात आहेत, पण त्यांच्यात काही राम उरलेला नाही. डावीचा तळ इतका झिजलाय की फरशी ओली आहे का कोरडी ते मला न बघता कळतं. तिसरा पट्टा एका टाक्यावर लोंबतोय. पाच वर्षांपूर्वी तू ही जोडी केलीस, आणि तेव्हाच म्हणाला होतास की पाचच वर्षं जाईल. तुझा शब्द खरा करायची चपलेला एवढी घाई कशाला होती?

एकतीस ऑगस्टला मी रिटायर होणार. तेवढे साडेसात महिने उभं राहायचंय. वॉर्ड तीस खाटांचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐंशी पावलं, आणि दिवसातून किती खेपा होतात ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं. दुसऱ्या कुठल्याही चपलेत माझा डावा पाय तासाभरात सुजतो, तुला ठाऊकच आहे. तेव्हा शेवटची एक जोडी कर. नेहमीसारखीच, उजवीला दोन पट्टे, डावीला तीन.

आता गंमत ऐक. बत्तीस वर्षं ज्या चपलांना अख्खं हॉस्पिटल 'बदकं' म्हणून हसलं, त्या म्हणे फॅशनमध्ये आल्यात. शिकाऊ पोरींच्या पायात त्याच, रुंद, बसक्या, आणि पट्ट्यांचा गोंधळसुद्धा तोच, एकीला तीन, दुसरीला दोन. त्यांच्या धडधाकट पायांना काय धाड भरलीय कोण जाणे. परवा एकीनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुठून घेतल्या? ओरिजिनल वाटतायत." मी म्हटलं, "भावानं केल्या. आधी त्यानं पाय मोडला, मग चपला केल्या." तिला वाटलं मी विनोद केला.

लवकर कर. दमलेय.

ताई

• • •

२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. आता सगळे टाइपच करतात, मीच का मागे राहू?

तुझं पत्र वाचून हसलो. तुझी बदकं फॅशनमध्ये आली म्हणजे आता तुझाही भाव वाढला म्हणायचा.

दुकानात सध्या कामाचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या पायाचा लाकडी साचा माळ्यावर कुठेतरी आहे, तो शोधायला हवा. तोवर बाजारातली एखादी जोडी घेऊन बघ ना. तुझ्याच नमुन्याची आहे म्हणतेस, तर चालून जाईल. मऊ असते म्हणतात.

क्वार्टर कधी सोडावं लागणार? पुढे कुठे राहायचं काही ठरवलंस का?

इकडे सगळं ठीक.

तुझा भाऊ

• • •

९ फेब्रुवारी

चिकट्या,

टाइप करायला लागलास! बरं आहे. मोठा माणूस झालास. तुझं ते गोंदाचे डाग पडलेलं पत्र मला जास्त आवडायचं, पण सांगते कुणाला. आणि सहीच्या जागी नुसतं 'तुझा भाऊ', तेही टाइप केलेलं. वीज कंपनीचं पत्र आल्यासारखं वाटलं.

तू म्हणालास म्हणून बाजारात गेले. सुटीचा दिवस त्यात घालवला. दुकानात थंडगार हवा, भिंतीएवढे आरसे, आणि चपला अशा मांडलेल्या की एका फळीवर एकच. वर पाटी, 'दोन पाय, दोन स्वभाव'. मी दोनदा वाचली. विकणाऱ्या मुलीला विचारलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "मॅडम, दोन्ही पायांत सारखं घालायचं हे जुनं झालं." तिनं मला गादीच्या बाकावर बसवलं आणि समोर गुडघ्यावर बसून चपला चढवायला लागली. तू बसायचास ना, तशीच. मी मोजा काढला नाही.

उजवी झक्क बसली. डावीत पाय घातला, उठले, दोन पावलं टाकली आणि डावी चप्पल सरळ मागे राहून गेली. खाली बघते तर डावीला दोनच पट्टे! तिसरा पट्टा उजवीला! दुसरी जोडी मागितली, तिचंही तेच. आणखी दोन बघितल्या, सगळ्या तशाच. मग बाहेर आल्यावर रस्त्यावरच्या पोरींचे पाय बघत चालले. सगळ्यांच्या उजव्या पायात तीन पट्टे.

ज्याला गरज नाही त्या पायाला आधार, आणि ज्याला आहे तो मोकळा. मूर्खांनी नक्कल केली तीही उलटी. मला आधी हसू आलं, मग बसस्टॉपवर बसल्यावर का कोण जाणे, रडू आलं. दमल्यामुळे असेल.

कुणीतरी तुझ्या दुकानात माझी जोडी बघून गेलं असणार. तू त्या कंपनीवर तक्रार का करत नाहीस? तुझी मेहनत आहे ती. मी इथल्या एका वकीलबाईंना विचारू का? माझ्या पेशंट होत्या, ऐकतील.

पुढे राहायचं म्हणशील तर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवलीय. जिना चढावा लागतो, पण चालेल. तू काही म्हणशील असं वाटलं होतं, पण तुला कामाचा ढीग आहे.

चपला मात्र कर. तिसरा पट्टा काल तुटला. सध्या वॉर्डातल्या चिकटपट्टीवर भागवतेय.

ताई

• • •

६ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तक्रार वगैरे काही करू नकोस. वकीलबाईंना तर मुळीच विचारू नकोस. अशा नकला होतच असतात, कुठे कुठे धावणार?

साचा अजून सापडला नाही. चामडंही या वर्षी मनासारखं मिळत नाहीये. थोडं थांब.

पायाला कोमट पाण्यात मीठ घालून शेक घे. तू नर्स आहेस, तुला मी काय सांगणार.

तुझा भाऊ

• • •

१८ एप्रिल

चिकट्या,

महिनाभर लिहिलं नाही. रागावले होते. थांब म्हणायला तुला काय जातं, उभं मला राहायचंय.

पण आता एक घडलंय ते सांगते, नीट वाच. घाईत 'हं, हं' करू नकोस.

शिकाऊ पोरींच्या पायांतल्या रंगीबेरंगी बदकांना कंटाळून मेट्रनबाईंनी फलकावर नोटीस लावली, 'ड्यूटीवर फॅशनेबल पादत्राणे वापरू नयेत. पांढरे बंद बूट सक्तीचे.' आणि तिसऱ्या दिवशी मला मेमो! बत्तीस वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो, आणि तोही कशासाठी, तर नटते म्हणून. वॉर्डातल्या आया पोट धरून हसल्या. मीही हसले. मग बंद बूट घालून दोन दिवस काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट निघेना, तेव्हा आयाबाईंनी कात्रीनं नाडी कापून काढला.

मंगळवारी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत, वाईट नाहीत बिचाऱ्या. "सिस्टर, नियम सगळ्यांना सारखा," म्हणाल्या. मी खुर्चीत बसले, मोजा काढला आणि पाय त्यांच्या टेबलासमोर धरला. इतक्या वर्षांत हॉस्पिटलमधल्या एकाही माणसाला मी तो दाखवला नव्हता. पावलाच्या पाठीवर आलेलं ते हाड, एकमेकांवर चढलेली ती दोन बोटं. बायकांचे नाही नाही ते अवयव मी रोज बघते, त्यांना म्हणते लाजायचं काय त्यात, आणि स्वतःचा पाय दाखवताना माझे कान तापले. खूप लाज वाटली रे. तुझी बदकं पायात होती म्हणून एवढी वर्षं कुणी विचारलं नाही. हसले सगळे, पण विचारलं कुणी नाही.

 बाईंनी तिथल्या तिथे परवानगीचा कागद लिहून दिला. मी वॉर्डात येऊन वाचला. 'सिस्टरना *उजव्या* पायाच्या व्याधीमुळे नेहमीची चप्पल वापरण्यास मुभा द्यावी.'

उजव्या. मी कपाळावर हात मारला. बाई समोर बसल्या होत्या, त्यांच्या उजव्या हाताला माझा जो पाय आला तो त्यांनी उजवा लिहिला. आणि कागद तसाच हातात धरून मी औषधांच्या कपाटापाशी उभी राहिले, कारण मला वडिलांचा आवाज ऐकू आला. "अरे, पाय ज्याचा, बाजू त्याची! तुझी नव्हे!"

आठवतंय? माप घ्यायला समोर बसायचास आणि वहीत माझ्या डाव्या पायाला 'उ' लिहायचास. वडील ओरडून दमले, तू सुधारला नाहीस. बाकी गिऱ्हाइकांचे दोन्ही पाय सारखे, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. वेगळे पाय फक्त माझेच. माझ्या पानावर 'उ – तीन पट्टे' असं लिहिलेलं असायचं आणि तू बरोबर डावीला शिवायचास, कारण तुला ठाऊक होतं.

माझ्या पायाला समोरून बघणारी जगात दोनच माणसं. एक मेट्रनबाई, त्याही गेल्या मंगळवारपासून. दुसरा तू.

कुणी माझ्या चपलेची नक्कल केली असती तर तिसरा पट्टा डावीलाच आला असता. तो उजवीला आला. म्हणजे नक्कल चपलेची नाही, वहीची आहे. वाचणाऱ्याला वाचता येत होतं, पण तू ठाऊक नव्हतास.

वही कुणाला दिलीस?

मी रागावलेले नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? रागावलेय. पण पैशासाठी दिलीस म्हणून नाही. तू मला बाजारात जाऊन तीच चप्पल विकत घे म्हणालास, म्हणून.

ताई

• • •

१० मे

ताई,

हे हातानं लिहितोय. चार दिवस लागतील. वाचता आलं नाही तर सोडून दे.

आधीची पत्रं वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी टाइप केली. मी सांगायचो, त्या टाइप करायच्या. हे त्यांना सांगवेना.

हात थरथरतात. दीड वर्ष झालं. आधी उजवा, मग डावा. (हे बरोबर लिहिलंय, माझेच आहेत.) डॉक्टर म्हणतात हे जाणारं नाही, गोळ्यांनी थोडं थांबेल. सुईत दोरा जात नाही. चहा अर्धा कप घेतो, नाहीतर बशीतच जातो. दुकान गेल्या वर्षीच बंद केलं. कामाचा ढीग खोटा. साचा माळ्यावर नाही, इथे टेबलावर आहे. रोज बघतो. एकदा कापायला बसलो होतो, तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा. रापी सरकली. चामडं वाया गेलं, अंगठा वाचला.

शिवणाची मशीन घ्यायला एका कंपनीची माणसं आली होती. त्यांच्यातल्या बाईनं वही चाळली. तुझं पान बघून थांबली. म्हणाली, हे किती वेगळं आहे, दोन पाय असे का केलेत? मी सांगायला हवं होतं की ही माझी बहीण, मी सहा वर्षांचा असताना वडिलांची ऐरण ओढली आणि तिच्या पायावर पाडली. तोंडातून निघालं नाही. म्हटलं, सुचलं आपलं. ती म्हणाली, फार छान कल्पना आहे.

तुझा पाय मी कल्पना म्हणून विकला, ताई.

मशीनबरोबर वही दिली तेव्हा तुझं पान फाडून ठेवायचं होतं. हातात धरलंही. पण मला वाटलं, मी आता काही करू शकत नाही, निदान कुणीतरी करेल, आणि ताईला दुकानात जोडी मिळेल. म्हणून बाजारातली घे म्हणालो. उजव्या-डाव्याचं लक्षातच आलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. एवढी एक गोष्ट तुझ्यासाठी करायची ठरवली होती, तीही उलटी झाली.

तू इकडे ये म्हणायची हिंमत झाली नाही. बत्तीस वर्षं आजाऱ्यांचं करून दमलीस. रिटायर होऊन आणखी एकाचं कशाला करायचं तुझ्या नशिबी?

चिकट्या

• • •

१७ मे

चिकट्या,

वाचता आलं. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेला, तुझं काय घेऊन बसलास.

पत्र ट्रॉलीवर ठेवून तीनदा वाचलं. खाट नंबर नऊच्या आजींनी विचारलं, कोण गेलं गं? मी म्हटलं, कुणी नाही, भाऊ सापडला.

ऐरणीचं आता पुरे. तू सहा वर्षांचा होतास आणि ती तिथे कडेला ठेवली होती वडिलांनी. मी पन्नास वर्षं तुला त्यावरून चिडवते, कारण चिडवलं की तू जास्त मऊ चामडं लावतोस. बाकी माझ्या मनात काही नाही. हे आधीच लिहायला हवं होतं. चूक झाली.

आता कामाचं. वॉर्डात चिकटपट्टी संपत आली आणि स्टोअरवाला संशयानं बघतो. बारा वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. हजारो वेळा सुईत दोरा ओवून डॉक्टरांच्या हातात दिला, पण स्वतः टाका म्हणून कधी घातला नाही. मी तुझी ती फॅशनची जोडी विकत आणते. उजवीचा तिसरा पट्टा काढते आणि डावीला लावते. तू फक्त कसं ते सांग. हात माझे, अक्कल तुझी. मास्तरीणबाईंना सांग टाइप करायला, चार दिवस घालवू नकोस. त्यांना माझा नमस्कार.

ताई

• • •

२ जून

ती. ताईस नमस्कार.

मास्तरीणबाई टाइप करतायत आणि मध्येमध्ये स्वतःच प्रश्न विचारतायत.

टाके ब्लेडनं एकेक काप, ओढू नकोस. पट्टा हाडाच्या वर नाही, हाडाच्या मागे आला पाहिजे. पाय आत घालून, उभी राहून खूण कर. बसून केलीस तर पट्टा सैल होईल, कारण उभं राहिल्यावर तुझा पाय पसरतो. आरीनं आधी भोकं पाड, मग सुई. दोऱ्याला मेण लाव. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा गेला पाहिजे, तरच टाका धरतो. शेवटचे तीन टाके दोनदा घाल, पहिला ताण तिथेच येतो.

उभी राहून खूण कर. हे दोनदा सांगतोय.

चिकट्या

• • •

१६ जून

चिकट्या,

झालं. पण कसं झालं ते ऐक.

पलंगावर बसले, जोडी मांडीवर घेतली, टोकं माझ्याकडे केलेली. ब्लेड घेतलं, मन लावून टाके कापले, पट्टा काढला, आणि बघते तर कुठली चप्पल हातात? डावी! दोनच पट्टे होते बिचारीला, त्यातला एक मी काढून टाकला. तीन पट्टे मोजायचं सोडून मी आपली बाजू बघत बसले. समोरून बघत होते ना! मी एवढी हसले की शेजारच्या क्वार्टरमधून सिस्टर विचारायला आल्या. वडील असते तर दोघांनाही एकेक ठेवून दिली असती.

मग त्या पट्ट्याचेही टाके घातले आणि तिसऱ्याचेही. सुया दोन मोडल्या. टाके वाकडे आहेत, थिएटरमध्ये असे घातले असते तर नोकरी गेली असती. पण उभी राहून खूण केली, दोनदा सांगितलंस म्हणून दोनदा केली. पाय हलत नाही. आज ऐंशी पावलं गेले आणि ऐंशी आले.

एका शिकाऊ पोरीनं माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "सिस्टर, तुमच्या उलट्या आहेत."

मी म्हटलं, "हो."

गल्लीतल्या खोलीला नको म्हणून सांगितलं. जिना फार उंच आहे. आजाऱ्याचं करायला येत नाहीये, उगाच घाबरू नकोस. मला बसायचंय कुठेतरी. तुझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी तो बाक होता, तो आहे ना अजून?

ताई

• • •

३ जुलै

ताई,

आहे. पुसून ठेवला.

चिकट्या

• • •

२६ ऑगस्ट

चिकट्या,

अक्षर हललं तर आज ट्रॉलीला दोष देऊ नकोस, ती दुसरीच्या ताब्यात दिली. क्वार्टरची किल्ली शनिवारी देणार. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक पिशवी, हमाल करीन, तू उचलायला येऊ नकोस. मेट्रनबाईंनी निरोपाला भाषण केलं. चांगलं बोलल्या. बसायला खुर्ची दिली होती, पण मला सवयच नाही, उभीच राहिले.

टाके टिकले. एक सैल झालाय, तो तिथे आल्यावर तू सांगशील तसा घालू. साचा टेबलावरच राहू दे. तुझ्याकडचं चामडं टाकू नकोस. मला आता वेळच वेळ आहे, आणि तुझी अक्कल अजून थरथरत नाही.

रविवारी दुपारी चारच्या बसनं येते. स्टँडवर ये. चपलांवरून ओळखायला जाऊ नकोस, हल्ली सगळ्यांच्या पायांत त्याच असतात. जिच्या डाव्या पायात तीन पट्टे दिसतील, ती मी.

म्हणजे तू समोर उभा असशील, तर तुझ्या उजव्या हाताला.

ताई